मायच्या हातातलं काम काढा, घर काढू नका

पत्र

ताई, नमस्कार.

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. नाव-गाव छापू नका. माझं वय ३८, शेती करतो. संक्रांतीच्या आठवड्यात पहाटे माय मोरीजवळ पडली. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. धुळ्याला नेलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वेळेत पोचलो म्हणून वाचली. माय ६१ वर्षांची आहे. आता घरी आहे. कुणी सोबत असलं तर काठी धरून ओट्यापर्यंत येते. उजव्या हातात अजून जोर नाही. बोलणं अर्धंमुर्धं आहे, पाणी म्हणायचं असतं आणि तोंडातून भलतंच निघतं. समजतं मात्र सगळं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

घरात नाना म्हणजे वडील, मी, बायको, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. बायको आशा सेविका आहे. मायला उठवणं, अंघोळ, जेवण, गोळ्या, भेटीला येणाऱ्यांचा चहा, मग घरचा स्वयंपाक. तिचं बाहेरचं काम बंदच पडलंय. आणि माय चिडते तिच्यावरच. परवा भाजी अळणी म्हणून ताट सरकवून दिलं. नातीच्या हातून खाते. पाणी पीत नाही. व्यायाम घ्यायला येतो त्या मुलाला हातानं 'जा' म्हणते. कधीही रडायला लागते. एकदाच नीट बोलली, 'आते मी काय कामनी.'

आम्ही तिला कशाला हात लावू देत नाही. कोठीच्या किल्ल्या बायकोकडे दिल्या. पापड-कुरडया यंदा विकत आणायच्या ठरवल्या. तरी तिला बरं वाटत नाही. सुरतची मोठी बहीण रोज व्हिडिओ कॉल करून म्हणते, तिथे मायचे हाल चाललेत, माझ्याकडे पाठवा. ते ऐकून बायको रडते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी पाठवणंही जमणार नाही, म्हणून ती आणखी नाराज. नाना म्हणतात, आता बरी आहे, प्रेशरच्या गोळ्या गरम पडतात, बंद करा. चुलते कबुतराच्या रक्ताची मालिश करा म्हणतात. मी काय करू? मायला सुरतला पाठवून देऊ का?

– एक भाऊ

उत्तर

भाऊ,

सुरतचं आधी सांगते. आत्ता पाठवू नका. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत शरीर सगळ्यात वेगानं सावरतं, आणि तुमची माय अजून त्याच दिवसांत आहे. त्यानंतर वेग कमी होतो, पण सुधारणा थांबत नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षानंतरही हातात थोडा जोर येतो, नवा शब्द फुटतो. अशा वेळी ओळखीचा ओटा, ओळखीचे आवाज, कानावर पडणारी आपली अहिराणी सोडून तिला परक्या गावातल्या खोलीत नेऊन बसवणं मला बरोबर वाटत नाही. बहिणीची माया खरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही. मायला कुणी विचारलं का? तिला सगळं समजतं असं तुम्हीच लिहिलंय. मग सुरतेचं तिच्या डोक्यावरून का चाललंय?

आणि त्या किल्ल्या. भाऊ, पत्र वाचताना मी तिथेच थांबले. तुम्ही त्या मायेनं काढून घेतल्या, तिला त्रास नको म्हणून, यात मला शंका नाही. पण तिच्या जागी बसून बघा. कोठीत किती पायल्या ज्वारी आहे, कुठल्या डब्यात मागच्या वर्षीची हळद आहे, आखाजीला कुणाच्या लेकीला कोणतं लुगडं द्यायचं, दूधवाल्याचे किती बाकी आहेत, हे चाळीस वर्षं तिच्या डोक्यात होतं. आपल्याकडे सासूच्या कमरेच्या किल्ल्या सुनेकडे जातात त्या एक तर सासूनं आपल्या हातानं दिल्या म्हणून, नाहीतर सासू गेली म्हणून. तिनं दिल्या नव्हत्या. मग तिनं काय समजायचं? 'आते मी काय कामनी' हे त्याचंच उत्तर आहे. आणि ताट भाजीसाठी सरकवलं असेल, पण नुसतं भाजीसाठी नाही. ज्या सुनेच्या कमरेला त्या किल्ल्या दिसतात, तिच्याच हातून जेवायचं, तिच्याच हातून अंघोळ करायची, हे त्या माउलीला गिळवत नाही. यात सुनेचा काडीचा दोष नाही. त्या किल्ल्या तिनं मागितल्याही नसतील.

आज संध्याकाळी किल्ल्या परत द्या. बायकोच्या हातून नको, तुम्ही द्या, कारण काढून तुम्ही घेतल्या. 'माय, तुन्या किल्ल्या तुन्याजोडे ऱ्हाऊ दे' एवढं म्हणा आणि तिच्या डाव्या हातात ठेवा. कोठी उघडायला सून जाईल, पण विचारून जाईल. आज भाजी कुठली, गहू किती काढायचे, शेजारच्या पोराला उसने पैसे द्यायचे की नाही, जे काय असेल ते तिला विचारा. उत्तर शब्दात येणार नाही कदाचित. दोन डबे समोर धरा, ती बोट दाखवेल. या सगळ्याला वेळ लागतो, आणि घाईच्या सकाळी तो जीवावर येतो, हे मला माहीत आहे. तरी द्या.

पापड विकत आणू नका. घरीच करा, थोडे करा. शेजारच्या बाया जमतील, सकाळी सातच्या आत, ऊन चढायच्या आधी. मायला हात असलेल्या खुर्चीत सावलीला बसवा. पीठ तिला चाखू द्या, मीठ-खार बरोबर आहे की नाही ते तिनं सांगायचं. मग लाटीएवढा गोळा तिच्या उजव्या तळव्याखाली ठेवा आणि तिचा डावा हात वर ठेवून तो मळायला सांगा. फिजिओथेरपीवाले बोटांसाठी मऊ गोळा दाबायला देतात, तोच हा व्यायाम. भुईमुगाच्या शेंगा फोडायला दिल्या तर उजव्या हातानं ताटली धरायची, डाव्यानं फोडायच्या. दुबळा हात मदतनीस म्हणून का होईना, रोज कामात राहिला पाहिजे, नाहीतर मेंदू त्याला विसरत जातो. हे काम करायला दुप्पट वेळ लागेल, अर्ध्या शेंगा खाली पडतील. तुम्ही उचलून पुन्हा ताटलीत टाका. तिच्या हातातून काढून घेऊन पटकन उरकू नका. चुलीजवळ, उकळत्या भांड्याजवळ मात्र तिला बसवायचं नाही. बिबड्याचं, म्हणजे ज्वारीच्या पापडाचं, पीठ शिजवायला दुसरी कुणीतरी हवी.

व्यायामाला येणाऱ्या मुलाला ती हाकलते, त्याचं कारण मला आळस वाटत नाही. आयुष्यभर परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई आहे ती. पंचविशीतला पोरगा येतो आणि पाय धरून उचलतो. शक्य असेल तर बाई फिजिओथेरपिस्ट बघा. नसेल तर त्या मुलाला सांगा की आधी मायला नमस्कार करायचा, आज काय करणार ते सांगायचं, अंगावर चादर राहील असं बघायचं, आणि घरातली एक बाई जवळ असेल. शिवाय त्याच्याकडून तुम्ही स्वतः व्यायाम शिकून घ्या. तो दिवसातून एकदा येणार. सुधारणा होते ती दिवसभरात पुन्हा पुन्हा केलेल्या छोट्या हालचालींनी.

आता पाण्याचं. याकडे घरातल्या पुरुषांचं लक्ष जात नाही, म्हणून उघड लिहिते. तुमच्या घराचा संडास मागच्या अंगणात असणार. जायचं म्हणजे दोन पायऱ्या उतरायच्या, सुनेला हाक मारायची, ती पोळ्या टाकत असेल तर तिनं हात धुऊन यायचं, आत धरून बसवायचं. ज्या बाईनं कधी कुणाला स्वतःसाठी उठवलं नाही, ती यावर एकच उपाय करते. पाणी पिणं बंद करते. आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो, वैशाखात तर विचारू नका. पाणी कमी पडलं की पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते, उठताना चक्कर येते, आणि चक्कर म्हणजे पुन्हा पडणं. खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची पलंगाजवळ ठेवा, वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. बाजूला जुन्या साडीचा पडदा बांधा. तिनं हाक मारायची वाट बघू नका. दर दोन-तीन तासांनी कुणीतरी आपणहून विचारावं. पाणी सकाळ-दुपार जास्त द्या, संध्याकाळनंतर कमी. मोरीत आणि संडासात भिंतीला पकडायला दांडा बसवा, फरशीवरचं गोणपाट काढून टाका, रात्री एक बारका दिवा चालू ठेवा. ती पहिल्यांदा मोरीजवळच पडली होती, ती भीती तिच्या मनात अजून असेल.

पाण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं, ते नीट बघा. पाणी पिताना तिला ठसका लागतो का? प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो का? पक्षाघातात गिळण्याचे स्नायू दुबळे होतात, आणि तेव्हा घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणीच जास्त दगा देतं. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. असं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, कोणता पदार्थ किती घट्ट करून द्यायचा ते तेच सांगतील. तोपर्यंत पडल्या पडल्या काही भरवायचं नाही. ताठ बसवून, छोटा घोट, छोटा घास. एक घास गिळून झाला की मगच दुसरा. दुबळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवण झाल्यावर तोंडात बघून चूळ भरायला द्या. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कोरडी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी घशात भुरभुरते, ती नरम करून द्या. भरितात अख्खे शेंगदाणे घालायचे नाहीत, बारीक कुटून घाला.

मीठ कमी केलंत ते बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यातच पापड, लोणचं, शेव, ठेचा सगळं आलं. पण तिच्या एकटीच्या ताटात अळणी आणि बाकीच्यांच्या ताटात झणझणीत शेवभाजी, असं करू नका. घराचीच भाजी कमी मिठाची करा. नानांनाही त्याची गरज असणार. लसूण, जिरं, कोथिंबीर, लिंबू, घरचा काळा मसाला आहेच. चुलीवर खरपूस भाजलेल्या वांग्याला तसंही मीठ कमी लागतं. पापड तिनं लाटायचे, खायचा मात्र एखादाच, तोही कधीतरी.

तुमच्या पत्नीबद्दल लिहायचंय, आणि हे जरा नीट ऐका. पत्रात तुम्ही दिवसभराची कामं मांडली आहेत. ती सगळी एकटी करते. अंघोळ ती, गोळ्या ती, चहा ती. तिचं आशाचं काम बंद पडलं. त्या मोबदल्यातला काही भाग केलेल्या कामावर मिळतो, म्हणजे घरात येणारे तिचे पैसेही कमी झाले. वर सासूचा राग आणि नणंदेचे बोल. ती अजून घर सोडून गेली नाही हे तिचे उपकार. आणि तुम्ही विचारता मायला कुठे पाठवू!

पाठवायचं असेल तर बायकोला पाठवा. आखाजीला, माहेरी. आखाजी म्हणजे लेकींचा सण, आणि ती कुणाची तरी लेक आहे. तिच्याही मायच्या दारात झोका बांधला जाईल. यंदा जमणार नाही असं म्हणू नका, यंदाच जमवा. निदान आठ दिवस. आणि सुरतची बहीणही लेकच आहे, ती आखाजीला माहेरी येणारच. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी अमळनेरला थांबते. तिला आधीच फोन करून सरळ सांगा, 'आक्का, तू ये, मायजवळ ऱ्हाय, तिचं सगळं आठ दिवस तुझ्या हाती.' रात्री मायला उठवणं, अंघोळ, घास भरवणं. व्हिडिओ कॉलवर जे दिसत नाही ते तिला दिसेल, आणि भावजयीला बोलताना तिची जीभ आपोआप जड होईल. मायलाही पोटच्या लेकीच्या हातची अंघोळ मिळेल. त्या आठ दिवसांत तुम्ही बहिणीच्या बरोबरीनं काम शिका, म्हणजे पत्नी परत आल्यावर सगळं पुन्हा तिच्याच अंगावर पडणार नाही.

मुलानं मायचं काय करायचं, असं गावात कुणी म्हणेल. पुष्कळ करता येतं. सकाळ-रात्रीच्या गोळ्या, घास भरवणं, पाय धुऊन पुसणं, नखं काढणं, केसांना तेल लावणं, ओट्यापर्यंत चालवणं. चालवताना तिच्या दुबळ्या बाजूला, म्हणजे उजवीकडे उभं राहायचं. उठवताना तो उजवा हात धरून कधीही ओढायचा नाही, खांदा निसटतो आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. कमरेला आणि पाठीला आधार द्यायचा. झोपताना त्या हाताखाली उशी. कपड्यांचंही एक तंत्र आहे. घालताना आधी दुबळा हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला, शेवटी दुबळा. ब्लाउज सैल शिवून घ्या, पुढून चिकटपट्टीचा. तिला साडीच नेसायची असेल तर साडीच नेसू द्या, बरं वाटावं म्हणून गाऊन बळजबरीनं घालू नका. अंघोळीला मुलाचा हात नको असं ती म्हणाली तर तेही बरोबर. गावातल्या एखाद्या बाईला रोज सकाळच्या तासाभराचे पैसे द्या. हा खर्च आणि कमोडच्या खुर्चीचा खर्च बहीण आनंदानं देईल, मागून बघा. दूर असलेल्या लेकीला काही करता येत नाही म्हणूनच ती फोनवरून चुका काढत बसते.

नववीतल्या मुलीच्या हातून आजी जेवते हे गोड आहे, पण पोरीवर ते कायमचं टाकू नका. पुढच्या वर्षी तिची दहावी आहे. एका वेळचं जेवण आजीसोबत, एवढंच.

नानांना ओट्यावर बसवा. भेटीला येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे, आत दोघं-तिघंच, पंधरा मिनिटं, आणि चहा नाही. हे नाना म्हणाले तर कुणी वाईट मानणार नाही, सून म्हणाली तर गावभर होईल. दुसरं काम त्यांना द्या प्रेशर मोजून वहीत लिहायचं. मायनं पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा, मग मोजायचं. त्यांना गोळ्या बंद करायच्या आहेत तो मला कंजूषपणा वाटत नाही. बायको बरी झाली हे त्यांना ऐकायचं आहे. पण प्रेशर बरं दिसतंय ते गोळ्यांमुळेच. गोळ्या थांबवल्या तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचंही तेच. उन्हाळ्यात उठताना चक्कर येत असेल, वहीतले आकडे कमी दिसत असतील, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, मात्रा कमी करायची तर ते करतील. खर्चाचा प्रश्न असेल तर प्रेशरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, बाकीच्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त. हे तुमच्या पत्नीला माझ्याहून जास्त माहीत असेल, तिला विचारा.

कबुतराला जगू द्या. त्याच्या रक्तानं लकवा बरा होत नाही, झाला तर अंगाला संसर्ग होईल. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. मात्र गरम वीट, वाळूची पुरचुंडी, असला शेक त्या बाजूला अजिबात नको. तिथली जाणीव कमी झालेली असते, कातडी भाजली तरी तिला कळणार नाही. चुलते मोठे आहेत, त्यांच्याशी वाद घालू नका. डॉक्टरांनी मनाई केली आहे, एवढं सांगून गप्प राहा.

तिच्या रडण्याचे दोन प्रकार असतात. एक, काही कारण नसताना एकदम रडू फुटतं, कधी हसूही, आणि दोन मिनिटांत थांबतं. मेंदूला इजा झाल्यामुळे तसं होतं. तेव्हा 'काय झालं, काय झालं' करून घेरू नका, विषय बदला. दुसरं रडणं खोल असतं. झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, कशात रस नाही, मी कामाची नाही असं वाटत राहतं. हे दोन आठवडे टिकलं तर तो नैराश्याचा आजार समजा. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला तो होतो, त्याला औषध आहे, आणि त्यानं व्यायामातही फरक पडतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. आपल्याकडे हात-पाय दाखवतात, मन दाखवायचं राहून जातं. मध्येच बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. तो तुमच्या पत्नीसाठीही आहे आणि तुमच्यासाठीही.

बोलण्याचं एवढंच की तिच्याशी मोठ्यानं ओरडून बोलू नका, ती बहिरी झालेली नाही. लहान पोरासारखंही नको. टीव्ही बंद, एका वेळी एकानंच, छोटा प्रश्न, आणि मग थांबायचं. 'हो-नाही'त उत्तर येईल असं विचारा. तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, चुकला तर हसू नका. आणि एक करून बघा. तिला पाठ असलेलं आपल्या खानदेशच्या देवीचं, कानबाईचं गाणं, आखाजीचं गाणं किंवा हरिपाठ तिच्याजवळ बसून म्हणायला लागा. बोललेले शब्द अडतात तिथे गायलेले कधी कधी वाहत येतात, कारण गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. नवऱ्याला हाक मारता येत नव्हती आणि कानबाईचं अख्खं गाणं न अडखळता म्हटलं, अशी बाई मी पाहिली आहे. वाचा-उपचार तज्ज्ञ धुळ्यात किंवा जळगावात मिळतात का याची चौकशी करा. महिन्यातून एकदा जरी दाखवलं तरी घरी काय करायचं ते समजतं.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे, पाचवीतल्या मुलालासुद्धा. चेहरा एका बाजूला ओढला, एक हात वर राहत नाही, बोलणं एकदम बिघडलं, यातलं काहीही नव्यानं दिसलं की घड्याळ बघायचं आणि १०८ ला फोन करायचा. थोडा वेळ बघू, सकाळी नेऊ, असं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावं लागतं. तोंडात पाणी, गोळी, साखर काहीही घालायचं नाही. सीटी स्कॅन असलेला दवाखाना कुठला, रात्री गाडी कुणाची, हे आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या वेळी तुम्ही वेळेत पोचलात, म्हणून आज मायबद्दल हे पत्र लिहिता येतंय.

आखाजी झाली, सून माहेराहून परत आली, की बहीण जायच्या आदल्या दिवशी सगळे मायजवळ बसा आणि सुरतेचं तिलाच विचारा. आधी 'जायचंय का', मग 'इथेच राहायचंय का', दोन्ही वेगवेगळं विचारा, म्हणजे उत्तर पक्कं कळेल. पुढे पावसाळ्यानंतर महिनाभर लेकीकडे जावंसं तिलाच वाटलं तर खुशाल न्या, गोळ्यांची चिठ्ठी, फाइल आणि तिथल्या फिजिओथेरपीची सोय करून. नाही म्हणाली तर तो विषय बहिणीनंही पुन्हा काढायचा नाही.

आणि तुमच्या पत्नीला सांगा, तिला काही लिहावंसं वाटलं तर तिनं मला वेगळं पत्र लिहावं. तुम्ही ते वाचायचं नाही. तिला मी वेगळं उत्तर देईन.

– तुमची ताई